गाडीच्या लेदर सीट : पुसायच्या, रंगवायच्या की सरळ झाकायच्या?

माजिवडेकर
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत सेकंडहँड सेडान घेतली, 2015 ची. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद 'हीच का घेतली' यावर जातील. इंजिन ठणठणीत आहे, एसी गार आहे, पण आतल्या बेज लेदर सीटची पार रया गेलीय. बसायचा भाग काळपट आणि चकचकीत झालाय. ड्रायव्हरच्या दाराकडे सीटला जो उंचवटा असतो, चढता-उतरताना ज्यावर मांडी घासते, तो भेगाळलाय. हेडरेस्टवर आधीच्या मालकाच्या डोक्याचं तेल अजून वस्तीला आहे.

घोडबंदर रोडवरच्या एका डिटेलिंगवाल्याने 'डीप क्लीन, कंडिशनिंग, नॅनो कोटिंग' असं पॅकेज ऐकवलं. आकडा ऐकून मी 'घरी विचारून सांगतो' म्हणालो. घरी विचारलं तर बायको म्हणाली, कव्हर घाल आणि विषय संपव. मेहुण्याचं मत, चांगला कंडिशनर चोळला की भेगा भरून येतात. कोणी स्वतःच्या हाताने हे केलंय का? मुळात या भेगा भरतात का?

चहाबाज
रुमाल टाकून ठेवतो. आमच्या गाडीत कापडी सीट आहेत, पण अशा धाग्यांवरची भांडणं वाचायला आवडतात.

सीवूड्सची_सई
आधी एक सांगा, ते लेदरच आहे याची खात्री केलीत का? जाहिरातीत 'लेदर सीट' असलं तरी बऱ्याच गाड्यांत पाठ आणि बूड टेकतं तेवढाच पट्टा चामड्याचा असतो. कडा आणि सीटची मागची बाजू रेक्झिन. काही गाड्यांत तर सगळंच रेक्झिन.

बघायची पद्धत सोपी आहे. सीट पूर्ण मागे सरकवा, पुढून खाली हात घाला, कव्हरची ओढून अडकवलेली कडा हाताला लागेल. तिची उलटी बाजू मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघा. चामडं असेल तर तंतू सुटलेले, मऊ, जरा मखमली दिसेल. रेक्झिन असेल तर सरळ विणलेलं कापड. पाठीच्या कव्हरला खाली चेन किंवा वेल्क्रो असेल तर तेही उघडून बघा. फक्त एक लक्षात ठेवा, एका तुकड्यावरून सगळ्या सीटचा निकाल लावू नका. प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा लागतो.

पाचपाखाडीचा_पक्या
एवढं संशोधन कशाला? खोबरेल तेल घ्या, कोमट करा, सुती फडक्याने लावा, रात्रभर मुरू द्या. आमचे आजोबा कोल्हापुरी वहाणांना तेल पाजायचे, वर्षानुवर्षं टिकायच्या. चामडं ते चामडं.

हौशी_मेकॅनिक
पक्या, दुसऱ्या दिवशी ऑफिसला पांढरी पँट घालून जा आणि मग अनुभव लिही.

पाचपाखाडीचा_पक्या
पांढरी पँट घालतो कोण, जितेंद्र?

रसायनकाका
ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात माझी नोकरी झाली, म्हणून थोडं लांबण लावतो.

पक्याचे आजोबा चुकले नव्हते. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याने कमावलेलं असतं आणि वरून त्याला कसलाही थर नसतो. ते तेल पितं, मऊ राहतं. गाडीचं चामडं बहुतेक वेळा क्रोम क्षारांनी कमावतात आणि त्यावर रंगाचा थर देतात, वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. आपण सीटवर बसतो म्हणजे खरं तर त्या थरावर बसतो. ऑइलपेंट दिलेल्या भिंतीवर तेल चोळलं तर काय होईल? वरच राहील, धूळ धरेल. गाडी उन्हात तापली की खवट वास येईल. आणि जिथे थर फाटलाय तिथून आत शिरून डाग पडेल तो वेगळाच.

थर शाबूत आहे का ते बघायला दाराकडच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब गोल उभा राहिला तर थर जागेवर आहे. पाणी शोषलं जाऊन तिथे गडद ठिपका आला तर थर झिजलाय, किंवा ते मुळातच बिनथराचं महागडं चामडं आहे. तसलं चामडं फार थोड्या गाड्यांत येतं.

आता मेहुण्याचा मुद्दा. भेग पडते म्हणजे आधी रंगाचा थर तडकतो, मग हळूहळू खालचे तंतू तुटतात. कंडिशनरने ते पुन्हा जोडले जात नाहीत. सुरकुती जरा मऊ दिसते, रंग थोडा गडद होतो, आणि आपल्याला वाटतं भरलं. पंधरवड्याने भेग पुन्हा तिथेच.

माजिवडेकर, तुमच्या भेगेत नेमकं काय दिसतंय? तपकिरी-करडे तंतू, की पांढरी जाळी? ते आधी सांगा.

चहाबाज
काका पेटले. पॉपकॉर्न कुठेत?

खारघरची_खारुताई
मग बाजारात कंडिशनर विकतात ते काय, आपल्याला टोप्या घालायला?

रसायनकाका
अगदी तसंही नाही. थर असलेल्या सीटवर त्याचा उपयोग घर्षण कमी करायला होतो. उन्हापासून बचाव करणारी द्रव्यं काहींमध्ये असतात, तेवढा फायदा आहे. थर झिजलेल्या जागी थोडा आतही जातो. पण सीटचा खरा शत्रू कोरडेपणा नसून मळ आहे. घाम, अंगाचं तेल, सनस्क्रीन, सॅनिटायझर, आणि त्यात बसलेली बारीक धूळ. बसता-उठता ती धूळ पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून महिन्यातून एकदा नीट पुसलेली सीट ही वर्षातून एकदा महाग क्रीम फासलेल्या सीटपेक्षा जास्त टिकते. तुमची सीट चकचकीत झालीय ना, ती चकाकी लेदरची नाही, मळाची आहे. कंपनीतून येणारं लेदर बहुधा मंदच असतं.

हौशी_मेकॅनिक
काकांना +१. आता प्रत्यक्ष पुसायचं कसं ते मी लिहितो, कारण रविवारची सकाळ याच उद्योगात जाते आणि सोसायटीत माझी त्यावरून टिंगल होते.

आधी व्हॅक्यूम. शिवणीतली वाळू काढल्याशिवाय ओलं फडकं लावूच नका, ओरखडे तिथेच पडतात. मग लेदरचा क्लीनर घ्या, कुठल्याही कंपनीचा चालेल, फक्त बाटलीवर लेदरसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. तो सीटवर फवारायचा नाही, ब्रशवर घ्यायचा. ब्रश घोड्याच्या केसांचा किंवा तितकाच मऊ. दोन वितींचा चौकोन धरायचा, गोल गोल हलक्या हाताने फिरवायचं. पहिल्या दहा सेकंदांत काहीच होत नाही, मग पांढरा फेस चहाच्या रंगाचा व्हायला लागतो. तो फेस चामड्याच्या रेघांमध्ये परत वाळायच्या आत मायक्रोफायबरने टिपून घ्यायचा. टिपायचा, पुसत सुटायचं नाही. फडक्याची घडी बदलत राहायची, नाहीतर इथला मळ तिथे. पिवळ्या उजेडात कळत नाही, दार उघडून दिवसाउजेडी करा. बेज सीट असेल तर पुसलेल्या आणि न पुसलेल्या भागातली सीमारेषा बघून स्वतःचीच लाज वाटते.

सीटला बारीक भोकं असतील तर तिथे ओलं फडकं घट्ट पिळून घ्या. भोकांमधून फेस आत गेला की फोममध्ये बसतो, आणि सीटला थंड हवेचा पंखा असेल तर प्रकरण आणखी महाग.

काय वापरू नये: भांडी घासायचा साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, आणि तो पांढरा जादूचा स्पंज. स्पंजने डाग जातो हे खरं, कारण तो डागासकट वरचा थर घासून काढतो.

रसायनकाका
साबणाबद्दल पुस्ती. चामडं आम्लधर्मी असतं, पीएच साधारण 4 ते 5. साध्या साबणाचं पाणी 9-10 पर्यंत जातं. एकदा पुसल्याने आभाळ कोसळत नाही, पण सवय लावू नका. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर तर नकोच. रंग फडक्यावर येतो आणि लोक म्हणतात, बघा किती मळ निघाला!

नौपाडा_निवासी
आमच्याकडे गाडी पुसायला येणारा मुलगा बाहेरचं चाक आणि आतला डॅशबोर्ड एकाच फडक्याने पुसतो. सांगून थकलो. आता आतलं पुसायचं नाही असा करार केलाय, त्याचेच पैसे जास्त घेतो.

खारघरची_खारुताई
हाहाहा. करार लेखी आहे का?

सीवूड्सची_सई
पावसाळ्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमची गाडी स्टिल्ट पार्किंगमध्ये असते, खाडीची हवा, ऊन शून्य. जुलैत आठवडाभर गाडी हलली नाही आणि दार उघडलं तर सीटच्या शिवणीला धरून हिरवट-पांढरी गोल गोल वर्तुळं. हात लावला की पीठ. आणि वास असा की विचारू नका.

बुरशी पुसताना गाडी आधी उघड्यावर आणा, चारी दारं उघडा, तोंडाला मास्क लावा. कोरडं झटकू नका, नाहीतर ती सगळ्या गाडीभर होते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, फडकं जेमतेम ओलं, आधी कोपऱ्यात करून बघायचं, मग पुसायचं. नंतर साध्या पाण्याचं फडकं आणि पूर्ण वाळवणं. वाळवणं म्हणजे पंखा, हेअर ड्रायर नव्हे.

पण खरी मेख पुढे आहे. पुसूनही पुन्हा बुरशी आली. शेवटी पायाखालचं मॅट उचललं तर खालचं कारपेट ओलंचिंब. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी कचऱ्याने तुंबली होती आणि पाणी आत झिरपत होतं. नळी मोकळी केली, कारपेट सुकवलं, मग थांबलं. पावसाळ्यात ओली छत्री सीटच्या मागे कोंबणारे लोक घरात असतील तर त्यांच्याशीही बोलून घ्या.

चहाबाज
छत्री कोंबणारा हजर आहे.

पाचपाखाडीचा_पक्या
बुरशीला कापूर ठेवा. आणि कुणीही काहीही म्हणो, आमच्या जुन्या गाडीला तेलच लावायचो, काही झालं नाही.

हौशी_मेकॅनिक
त्या गाडीच्या सीट कशाच्या होत्या?

पाचपाखाडीचा_पक्या
रेक्झिन.

हौशी_मेकॅनिक
😂

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
मी रंगवून घेतलंय, काळी सीट, दाराकडचा भाग झिजून राखाडी झाला होता. माझं तरी काम चांगलं झालं. कारागिराने आधी सगळं तेल-मळ काढलं, मग बारीक पॉलिश पेपरने भेगांच्या कडा सपाट केल्या, लवचीक फिलर पातळ थरांत भरला, प्रत्येक थर वाळवून पुन्हा घासला. मग स्पंजने रंग थापत थापत, घासून नाही. शेवटचे हात बारीक गनने. सगळ्यात वर पारदर्शक थर. मी स्टूल टाकून बघत बसलो होतो. फिलर एकदम जाड भरला तर बसल्यावर पोपडा उडतो असं तो म्हणाला.

एक गोष्ट त्याने आधीच विचारली: सीटला डॅशबोर्डचं चमकणारं पॉलिश मारता का? त्यात सिलिकॉन असतं आणि त्यावर नवा रंग धरत नाही. ज्यांना पुढेमागे रंगवायचंय त्यांनी ते पॉलिश सीटपासून लांब ठेवा. तसंही ते लावलं की ब्रेक दाबल्यावर माणूस सीटवरून घसरतो.

आणि बुटाचं पॉलिश हा उपाय कुणी सुचवायच्या आत सांगतो, ते कपड्यांना लागतं.

नौपाडा_निवासी
बुटाचं पॉलिश मी सुचवणारच होतो.

खारघरची_खारुताई
निळ्या जीन्सचं काय? आमच्या हलक्या रंगाच्या सीटवर निळसर झाक आलीय, क्लीनरने निम्मीच जाते.

हौशी_मेकॅनिक
ताजी असेल तर जाते, थरात मुरली की क्लीनर हरतो. नवी जीन्स दोन-तीनदा धुतल्याशिवाय बेज सीटवर बसू नये, एवढं साधं आहे. मागच्या खिशात पाकीट आणि किल्ल्या ठेवून बसणाऱ्यांनाही हेच.

कळवा_खाडी
उन्हासाठी काळी फिल्म लावा की सरळ.

नौपाडा_निवासी
आणि पावती कोण फाडणार? सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच काळ्या फिल्मवर बंदी आणली. मुळात नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत यायला हवा. तीन हात नाक्यावर सिग्नलला उभं राहून हा वाद घालायची माझी तयारी नाही. उभ्या गाडीला पुढच्या काचेला चंदेरी शेड लावा, सीटलाही बरं आणि स्टिअरिंगला हात लावल्यावर चटकाही बसत नाही.

अळूवडी
एक बाळबोध प्रश्न. शेजारच्या काकू म्हणाल्या, लेदर कंडिशनरमध्ये प्राण्याची चरबी असते, म्हणून त्या वापरत नाहीत. खरं का?

रसायनकाका
काहींमध्ये असते. नीट्सफूट ऑइल नावाचं तेल गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येतं. बाटलीवरचे घटक वाचून घ्यावेत. पण काकूंच्या गाडीत सीट कशाच्या आहेत?

अळूवडी
लेदरच्या. विचारू का त्यांना?

रसायनकाका
नको. शेजार टिकवा.

माजिवडेकर
बापरे, एवढे प्रतिसाद! आज दुपारी सीटशी झटापट केली. सईताईंनी सांगितलं तसं खाली हात घालून बघितलं. बसायच्या मधल्या पट्ट्याला आतून मखमली तंतू आहेत, म्हणजे चामडं. पण दाराकडच्या उंचवट्याच्या तुकड्याची कडा उलटी केली तर स्वच्छ विणलेलं कापड! आणि काका, भेगेत टॉर्च मारला, पांढरी जाळी दिसतेय. कडेचे पोपडे नखाने उचलले जातात.

मधल्या पट्ट्यावर पाण्याचा थेंब ठेवला, तो टेचात उभा राहिला. मग हौशींच्या पद्धतीने एक चौकोन पुसला. बायकोला बोलावून दाखवला. ती म्हणाली, 'ही सीट या रंगाची होती?' कव्हरचा विषय तूर्त मागे पडलाय.

रसायनकाका
मग उत्तर मिळालं. मधल्या चामड्याला फक्त साफसफाई पुरे. भेगाळलेला तुकडा रेक्झिन आहे, त्यावर कंडिशनर म्हणजे पैसे आणि रविवार दोन्ही वाया. रेक्झिन पीयूचं (पॉलियुरेथेनचं) असेल तर दमट हवेने त्याचा थर विघटन पावून सुटतो, पीव्हीसीचं असेल तर त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हातान्हात निघून जातं आणि ते कडक होऊन तडकतं. दोन्हीवर क्रीमचा उतारा नाही. तेवढा तुकडा बदलायचा.

माजिवडेकर
म्हणजे मेहुणा हरला?

रसायनकाका
मेहुणा कधी हरत नसतो, पण हो.

कोपरखैरणे_एक्स्प्रेस
फक्त एक तुकडा बदलून मिळतो. सीट कव्हर शिवणारा चांगला कारागीर शिवण उसवून जुन्या तुकड्याचाच नमुना घेऊन नवा कापतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जायची गरज नाही, ठाण्यात-वाशीत करणारे आहेत. पण एक महत्त्वाचं: तो तुकडा बसायच्या गादीचा आहे की पाठीचा? साइड एअरबॅग असलेल्या गाड्यांत ती बहुतेक वेळा पाठीच्या दाराकडच्या बाजूलाच असते. तिथे छोटं 'एअरबॅग' लिहिलेलं लेबल शिवलेलं दिसेल. त्या जागची शिवण मुद्दाम ठरावीक ताणाला फाटेल अशी असते, साध्या दोऱ्याने घट्ट शिवली तर एअरबॅग उघडायला अडथळा. तिथे हात लावायचा असेल तर कंपनीच्याच भागाचं बघा.

सीवूड्सची_सई
याच कारणाने सगळी सीट गुंडाळणारं जाड कव्हरही घालू नका, हे वहिनींना नक्की सांगा.

माजिवडेकर
गादीचा आहे, पाठीचा नाही. पाठीवर लेबल आहे, तिला मी हातही लावणार नाही.

हौशी_मेकॅनिक
मग निर्धास्त. तरी गादी बाहेर काढावी लागली तर खालच्या पिवळ्या प्लगना हात लावू नका, आणि आधी बॅटरीची तार काढून थोडा वेळ थांबायला सांगा. प्लग सुटलेला असताना चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला पुन्हा स्कॅनरवाल्याकडे. जुनी कव्हरं ज्या तारेच्या कड्यांनी फोमला अडकवलेली असतात त्या पकडीने कापल्या की परत वापरता येत नाहीत. नव्या कड्याच घालून घ्या. काही जण प्लास्टिकचे पट्टे मारतात, ते बुडाला टोचतात.

रसायनकाका
आणि शेड जुळवायला नमुना नेताना आधी शेजारचा पट्टा पूर्ण साफ करून वाळवा. मळक्या सीटशी रंग जुळवलात तर सीट पुसल्या दिवशी नवा तुकडा जुना दिसेल. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको, गाडी बाहेर उन्हात काढून जुळवा.

माजिवडेकर
नोंद केली. उरलेल्या सीट शनिवारी पुसतो, कारागिराकडे पितृपक्षात जातो, तेव्हा नव्या गाडीची कामं कमी असतात असं त्यानेच फोनवर सांगितलं.

पाचपाखाडीचा_पक्या
हेडरेस्टवरचं तेल गेलं का?

माजिवडेकर
दोनदा फेस करून गेलं, खालून फिकट रंग निघाला. ते खोबरेलच होतं रे, वासावरून कळलं.

पाचपाखाडीचा_पक्या
बघा, आणि हेडरेस्टला एक तरी भेग आहे का?

रसायनकाका
🙏